वाचकांचे प्रश्न : प्रॅक्टिकल स्पर्धेसाठी शॉटगन निवडताना

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांचा विषय एकच आहे. चार पत्रे ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांची आहेत आणि एक नाशिकहून आले आहे. म्हणून या अंकातील सदर पूर्णपणे प्रॅक्टिकल शॉटगनला, म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक घेऊन पळत, भरत, घड्याळाशी झुंजत खेळायच्या नेमबाजीला, दिले आहे. ब्रिटनमधील उत्तरे इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड येथील कायदा धरून लिहिली आहेत.

प्रश्न : मी रेडिंगजवळ राहतो. दोन वर्षांपासून क्ले पिजन नेमबाजी करतो आणि माझ्याकडे वरखाली नळ्यांची दुनळी बारा बोअर आहे. अलीकडेच एका मित्राबरोबर प्रॅक्टिकल शॉटगनची स्पर्धा पाहिली आणि आपणही यात उतरावे असे मनापासून वाटले. पण बंदूक कोणती घ्यावी यावर तिघांची तीन मते मिळाली : सेमी-ऑटो (दर बारानंतर पुढचे काडतूस आपोआप घेणारी), पंप ॲक्शन (पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस घेणारी) आणि पेटीच्या मॅगझीनची (काडतुसांची सुटी पेटी लावायची). नळी किती लांबीची असावी, हेही कळत नाही.

उत्तर : आपली दुनळी क्ले पिजनसाठी उत्तम आहे, पण या खेळात ती साथ देणार नाही. ती का देणार नाही हे नीट समजले, की पुढची निवड बरीचशी आपोआप होते. क्ले पिजनमध्ये नेमबाज ठरलेल्या जागी उभा असतो, त्याच्या हाकेवर बशी उडते, आणि दोन बार झाल्यावर बंदूक उघडून नवी काडतुसे घालायला त्याला पुरेसा वेळ मिळतो. प्रॅक्टिकल स्पर्धेत मात्र बझर वाजल्यापासून शेवटच्या बारापर्यंत घड्याळ चालूच राहते. नेमबाज पळतो, आडोशामागून नेम धरतो, लोखंडी पाट्या पाडतो, कागदी लक्ष्यांवर स्लग (छर्ऱ्यांऐवजी एकच जड गोळी असलेले काडतूस) झाडतो, आणि हे सगळे करता करता बंदूक पुन्हा पुन्हा भरतो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागले की जो आकडा येतो, त्याला हिट फॅक्टर म्हणतात, आणि त्यावरच क्रम लागतो. म्हणजे अचूकता आणि वेग यांचा हिशेब एकाच भागाकारात होतो. या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, १९७६ साली अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या कोलंबिया येथे स्थापन झाली आणि जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष होते. अचूकता, शक्ती आणि वेग या अर्थाचे तीन लॅटिन शब्द हे तिचे बोधवाक्य आहे. सुरुवातीला हा पिस्तुलांचा खेळ होता. शॉटगनची स्वतंत्र जागतिक स्पर्धा पहिल्यांदा भरली ती २०१२ साली, हंगेरीतील डेब्रेसेन येथे.

ब्रिटनमध्ये या खेळात शॉटगनला जे महत्त्व आहे, त्याला कायद्याचा इतिहास कारणीभूत आहे. १९८७ च्या हंगरफर्ड हत्याकांडानंतर १९८८ च्या कायद्याने मोठ्या बोअरच्या सेमी-ऑटो रायफली गेल्या, आणि १९९६ च्या डनब्लेनमधील शाळेतल्या गोळीबारानंतर १९९७ च्या कायद्यांनी पिस्तुले गेली. पळत, भरत, वेळेवर मात करत खेळायचा हा प्रकार ज्यांना सोडायचा नव्हता, त्यांच्या हाती मोठ्या बोअरचे एकच शस्त्र उरले, ते म्हणजे शॉटगन. कायद्याची तीच चौकट आपली निवडही आखून देते. ज्या शॉटगनच्या मॅगझीनमध्ये दोनपेक्षा जास्त काडतुसे बसतात, तिला साधे शॉटगन प्रमाणपत्र चालत नाही. तिच्यासाठी फायरआर्म प्रमाणपत्र लागते, आणि ते मागताना ती बंदूक कशासाठी हवी याचे सबळ कारण पोलिसांपुढे मांडावे लागते. सेमी-ऑटो किंवा पंप शॉटगनची नळी २४ इंचांहून आखूड किंवा एकूण लांबी ४० इंचांहून कमी असेल, तर ती प्रतिबंधित शस्त्रांतच मोडते. म्हणून नळीच्या लांबीचे उत्तर सोपे आहे : २४ इंच किंवा त्याहून किंचित जास्त. आडोशाच्या खिडकीतून नळी आत-बाहेर करताना २८ इंची नळी किती अडते, हे एका स्पर्धेतच उमगते.

आता मुख्य मुद्दा. नवखा माणूस बंदूक निवडताना ती झाडते कशी हे पाहतो. माझे म्हणणे असे, की या खेळासाठी बंदूक निवडताना ती भरते कशी, हे आधी पाहावे. कारण साध्या गणितात सांगता येते. बंदुकांच्या प्रकारांनुसार स्पर्धेचे विभाग असतात, त्यांतील स्टँडर्ड विभागात बझर वाजताना बंदुकीत नऊच काडतुसे असतात. समजा एका स्टेजवर, म्हणजे स्पर्धेच्या एका टप्प्यात, २४ लक्ष्ये आहेत. एकही बार वाया गेला नाही, तरी आणखी पंधरा काडतुसे धावता धावता भरावी लागणार. एकेक काडतूस पट्ट्यातून काढून भरायला दोन सेकंद धरले, तर नुसते भरण्यातच तीस सेकंद जातात. चार काडतुसे एका मुठीत घेऊन, दोन-दोनच्या जोडीने अंगठ्याने आत सारायची पद्धत ज्याच्या हातात बसली आहे, तो चार काडतुसांची फेरी तीन सेकंदांत उरकतो, आणि त्याच्या चार फेऱ्यांना बारा सेकंद लागतात. अठरा सेकंदांचा हा फरक नेम कितीही चांगला असला तरी भरून निघत नाही. ठासणीच्या बंदुकीच्या काळात जो जलद ठासतो तो जिंकतो असे म्हणत असतील, तर ते आजही तितकेच लागू आहे.

म्हणून दुकानात गेलात की बंदूक खांद्याला लावण्याआधी ती उलटी करून तिचे भरण्याचे तोंड पाहा. ते रुंद आहे का, कडा बोथट केलेल्या आहेत का, काडतूस वर उचलणारी पट्टी अंगठ्याला चावते का, मॅगझीनच्या स्प्रिंगला किती जोर लावावा लागतो, हे पाहा. दुकानदाराच्या परवानगीने बार नसलेली सरावाची काडतुसे घेऊन आठ-दहा वेळा भरून पाहा. ज्या बंदुकीत दहाव्या वेळीही अंगठा सोलवटला नाही, ती निम्मी पसंत झाली असे समजा. काही बंदुकांचे तोंड बंदूक-कारागिराकडून मोठे करून घेता येते, पण तसे केल्याने आपला विभाग बदलतो का, हे काम सांगण्यापूर्वी नियमपुस्तकाच्या चालू आवृत्तीत पाहून घ्यावे.

विभाग चार आहेत : ओपन, मॉडिफाइड, स्टँडर्ड आणि पंप बंदुकांसाठीचा स्टँडर्ड मॅन्युअल. आपल्या तीन सल्लागारांची मते खरे तर तीन वेगळ्या विभागांची मते आहेत. पेटीचे मॅगझीन आणि ऑप्टिकल दुर्बीण ओपनमध्ये येते. तिथे यंत्राचे जुळवणीकाम फार असते, पेट्या घडवून घ्याव्या लागतात, आणि पहिल्या वर्षी नेमबाजाचे लक्ष खेळापेक्षा स्क्रूड्रायव्हरकडे राहते. पहिल्या बंदुकीसाठी मी ओपनची शिफारस करत नाही. पंप ॲक्शन ही किमतीला परवडणारी, कोणतेही काडतूस पचवणारी आणि फारशी न बिघडणारी बंदूक आहे, आणि तिचा स्वतंत्र विभाग असल्यामुळे तिच्यावर अन्यायही होत नाही. पण घाईत पुढची मूठ पूर्ण मागे न ओढण्याची चूक नवख्याकडून हमखास होते, आणि वाकून किंवा झोपून झाडायच्या स्टेजवर हातांची कसरत होते. पंपची मनापासून आवड असेल तर ती जरूर घ्यावी. केवळ स्वस्त म्हणून घेऊन सेमी-ऑटोवाल्यांशी बरोबरी करण्याची अपेक्षा मात्र ठेवू नये. आपल्यासाठी माझे मत स्टँडर्ड विभागातील, नळीखाली लांब मॅगझीन असलेल्या सेमी-ऑटोचे आहे. तिथे यंत्र साधे राहते, स्पर्धकांकडून शिकायला भरपूर मिळते, आणि जे कौशल्य कमावाल ते पुढे कोणत्याही विभागात उपयोगी पडते.

सेमी-ऑटोमध्येही दोन कुळे आहेत. बेनेली एम२ ही जडत्वावर चालणारी बंदूक आहे. बार उडाल्यावर संपूर्ण बंदूक मागे सरकते, बोल्टचा जड भाग क्षणभर जागीच राहतो, मधली स्प्रिंग दबते, आणि मग तीच स्प्रिंग बोल्टला मागे ढकलून रिकामे काडतूस बाहेर फेकते. यात नळीतला वायू यंत्रात येत नाही, म्हणून बंदूक स्वच्छ राहते आणि वजनाला हलकी असते. स्टोगर एम३००० याच तत्त्वावर, तुर्कस्तानात, बऱ्याच कमी किमतीत बनते. बेरेटा १३०१ आणि मॉसबर्ग ९४० या वायूवर चालणाऱ्या बंदुका आहेत. नळीतील छिद्रांतून घेतलेला वायू पिस्टनला ढकलतो, त्यामुळे खांद्याला बसणारा धक्का लांबतो आणि सौम्य वाटतो, पण काजळी साचते आणि ती नियमित काढावी लागते. दोन्ही कुळांतील बंदुकांनी मोठ्या स्पर्धा गाजवल्या आहेत. ज्याला साफसफाईचा कंटाळा आहे त्याने जडत्वाकडे जावे, ज्याचा खांदा नाजूक आहे त्याने वायूकडे.

जडत्वाच्या बंदुकीबद्दल एक गोष्ट अनुभवाने सांगतो. माझी पहिली सेमी-ऑटो या प्रकारची होती. मी तिच्या अंगावर काडतुसांचा बाजूपट्टा, जड मॅगझीन आणि धातूची लांब पट्टी असे सगळे चढवले. विकणाऱ्याने ही बंदूक काहीही खाते असे सांगितले होते. जानेवारीच्या थंडीत, २८ ग्रॅमच्या हलक्या काडतुसांवर, तिने एका स्टेजवर तीनदा दगा दिला. बंदूक सदोष नव्हती. जडत्वाच्या यंत्राला मागे सरकण्याची मोकळीक हवी असते आणि मी तिच्यावर इतके वजन लादले होते की ती सरकतच नव्हती. नाकापेक्षा मोती जड झाला होता. बाजूपट्टा उतरवला, स्प्रिंगला तेल दिले, आणि त्यानंतर तीच बंदूक मी सात वर्षे वापरली. म्हणून सांगतो, बंदूक घ्या आणि पहिले सहा महिने तिच्यावर काहीही चढवू नका. काडतुसे कमरेच्या पट्ट्यावर किंवा छातीवरच्या कॅडीत ठेवा, कारण भरण्याची लय तिथूनच लागते.

आणखी एक विनंती. बंदूक घेण्याआधी प्रॅक्टिकल शॉटगन चालवणाऱ्या क्लबचे सदस्य व्हा. सबळ कारण दाखवायला ते लागेलच. शिवाय स्पर्धेत उतरण्यापूर्वी सुरक्षिततेचे प्रशिक्षण आणि परीक्षा द्यावी लागते, आणि त्या काळात दहा जणांच्या दहा बंदुका जवळून पाहायला मिळतात. ब्रिटनमध्ये फायरआर्म प्रमाणपत्रावर प्रत्येक शस्त्राची नोंद वेगळी होते, त्यामुळे चुकीची बंदूक घेऊन ती बदलणे म्हणजे पुन्हा कागदपत्रे आणि पुन्हा प्रतीक्षा.

प्रश्न : मी लीड्समध्ये राहते. माझी उंची पाच फूट एक इंच आहे. क्लबमधील बारा बोअर सेमी-ऑटो दोनदा चालवून पाहिली आणि दोन्ही वेळा दंडावर काळानिळा डाग पडला. वीस बोअर घेतली तर धक्का कमी बसेल का? नियमांत ती चालते का?

उत्तर : आपला डाग दंडावर पडला, खांद्याच्या खोबणीत पडला नाही, हे आपण लिहिलेत ते फार बरे झाले. त्यावरून दुखणे बोअरचे नसून दस्त्याच्या लांबीचे आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. बहुतेक सेमी-ऑटो बंदुकांचा दस्ता चापापासून मागच्या टोकापर्यंत चौदा ते साडेचौदा इंच असतो, आणि तो पाच फूट दहा इंच उंचीच्या पुरुषाला धरून केलेला असतो. आपल्या उंचीच्या व्यक्तीला साधारण तेरा इंच पुरतात. दस्ता लांब पडला की तो खोबणीत न बसता बाहेर घसरून दंडावर टेकतो, मान पुढे ताणावी लागते, गाल दस्त्यावर नीट टेकत नाही, आणि मग प्रत्येक बार हाडाला लागतो.

वीस बोअर नियमांत चालते. आयपीएससीत शॉटगनसाठी तीच किमान मर्यादा आहे. पण तिच्याकडे वळण्याआधी एक हिशेब पाहा. बारा बोअरच्या नळीत बसेल असा शिशाचा गोळा घेतला तर अशा बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, आणि वीस बोअरचे वीस गोळे. बोअरचा आकडा वाढला की नळी बारीक होते, तो यामुळे. नळी बारीक झाली की बंदूकही हलकी होते, आणि हलकी बंदूक धक्का जास्त देते. ३.२ किलोच्या बारा बोअरमधून २८ ग्रॅम छर्रे झाडले आणि २.७ किलोच्या वीस बोअरमधून तेवढ्याच वेगाने २४ ग्रॅम झाडले, तर वजनाच्या तुलनेत दोघींचा धक्का जवळपास सारखाच बसतो. त्यात किमान शक्तीची अटही आहे. छर्ऱ्यांचे वजन ग्रेनमध्ये घेऊन त्याला वेगाच्या दर सेकंदी फुटांनी गुणायचे आणि हजाराने भागायचे, तर उत्तर ४८० च्या खाली येता कामा नये. २८ ग्रॅम म्हणजे ४३२ ग्रेन, आणि १२०० फुटांच्या वेगाने उत्तर ५१८ येते, म्हणजे आरामात उत्तीर्ण. २४ ग्रॅमचे ३७० ग्रेन होतात, आणि त्यांना १३०० फुटांच्या वेगाने जेमतेम ४८१ मिळतात. एखाद्या थंड सकाळी वेग थोडा जरी पडला, तरी ते अनुत्तीर्ण. वीस बोअरवाल्याला सतत या काठावर चालावे लागते.

म्हणून माझा सल्ला असा : वायूवर चालणारी बारा बोअर, २४ इंची नळी, आणि आखूड दस्ता. काही कंपन्या मूळ दस्ताच आखूड असलेली बंदूक विकतात. ती न मिळाल्यास कारागिराकडून दस्ता कापून मागे मऊ रबरी गादी बसवून घेता येते. कापण्याआधी हिवाळ्यातला जाड कोट घालून माप घ्या, कारण स्पर्धा पावसातही होतात. बेनेली आणि बेरेटा या कंपन्या बंदुकांबरोबर दस्त्याचा उतार आणि बाजूचा कल बदलण्याच्या पातळ चकत्या देतात. त्या आपल्या गालाला आणि डोळ्याला जुळेपर्यंत बदलून पाहाव्यात. डोळा म्हटल्यावर आठवले : उजव्या हाताने बंदूक धरणाऱ्या अनेक स्त्रियांचा डावा डोळा प्रबळ असतो. एक बोट लांबच्या वस्तूवर धरून एकेक डोळा मिटून पाहिले की हे समजते. तसे असेल तर बंदूक खरेदी करण्याच्या आतच प्रशिक्षकाशी बोलून कोणत्या खांद्याने झाडायचे ते ठरवा, कारण डावखुऱ्यासाठी काडतूस डावीकडे फेकणारी बंदूक वेगळी घ्यावी लागते.

भरण्याबाबत एक दिलासा देतो. लहान हाताला चार काडतुसे मुठीत मावत नाहीत, आणि ती मावलीच पाहिजेत असा आग्रहही नको. एका वेळी दोन, पण न चुकता, ही पद्धत धरा. खाली पडलेले काडतूस उचलायला जाण्याइतका वेळखाऊ प्रकार या खेळात दुसरा नाही.

प्रश्न : काडतुसे आणि चोक यांबद्दल थोडक्यात सांगाल का? (लेस्टर)

उत्तर : थोडक्यातच सांगतो, कारण यात लोक गरजेपेक्षा जास्त गुंततात. लोखंडी पाट्यांसाठी २८ ग्रॅमची, सात किंवा साडेसात नंबरच्या छर्ऱ्यांची साधी क्ले काडतुसे पुरतात. २१ ग्रॅमची सरावाची काडतुसे आणू नका. ती शक्तीच्या अटीत बसत नाहीत, आणि अनेक सेमी-ऑटो बंदुका ती फिरवतही नाहीत. पाच वेगवेगळ्या प्रकारांचे एकेक खोके आणून, आपल्या बंदुकीत कोणते न अडकता चालते ते पाहा आणि मग तेच घाऊक घ्या. मॅगझीनमध्ये किती बसतात हेही काडतुसाच्या मिटलेल्या लांबीवर ठरते, आणि काही नळ्यांत एका प्रकारची आठ तर दुसऱ्या प्रकारची नऊ बसतात.

चोक म्हणजे नळीचे तोंड किंचित अरुंद करून छर्ऱ्यांचा पसारा आवरणारा भाग. त्याच्या बाबतीत क्वार्टर, म्हणजे कमी अरुंद चोक, लावा आणि विसरून जा. ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात क्वार्टर चोकमधून सुमारे पंचावन्न टक्के छर्रे पोहोचतात, सर्वांत घट्ट अशा फुल चोकमधून सुमारे सत्तर टक्के. स्पर्धेतील बहुतेक लक्ष्ये याहून पुष्कळ जवळ असतात, त्यामुळे छर्रे दाटीने जाण्यापेक्षा थोडे पसरलेले बरे. स्लगसाठी घट्ट चोक वापरू नये, आणि बंदूक बनवणाऱ्याने स्लगबद्दल पुस्तिकेत काय लिहिले आहे ते वाचावे. ब्रिटनमध्ये स्लग प्रमाणपत्रावर स्वतंत्र मंजुरी घेऊनच विकत घेता आणि बाळगता येतात. साध्या छर्ऱ्यांच्या काडतुसांना ती अट नाही. स्लग आपल्या बंदुकीतून २५ आणि ५० मीटरवर नेमका कुठे पडतो, हे कागदावर झाडून वहीत लिहून ठेवा. छर्ऱ्यांचा नेम आणि स्लगचा नेम एकच असतो, असे गृहीत धरून मी पहिल्या वर्षी किती गुण घालवले, ते माझ्या जुन्या वहीत अजून आहे.

शिशाच्या छर्ऱ्यांवर ब्रिटनमध्ये टप्प्याटप्प्याने निर्बंध येत आहेत, त्यामुळे नवी बंदूक पोलादी छर्ऱ्यांसाठी तपासलेली असावी. नळीवर लिलीच्या फुलाची खूण असली की ती त्या कडक चाचणीतून गेली आहे असे समजावे. पण पोलादी छर्रे लोखंडी पाटीवरून जोरात मागे उसळतात, म्हणून स्पर्धेत कोणते छर्रे चालतील हे आयोजकांना विचारल्याखेरीज असे काडतूस पट्ट्यात घालू नका. डोळ्यांवर संरक्षक चष्मा तर पाहणाऱ्यांनीही लावायचाच असतो.

प्रश्न : जुनी बेनेली एम२ मिळते आहे. मालक म्हणतो, बंदूक फार वापरलेली नाही. काय पाहू? (स्लाउ)

उत्तर : कितपत वापरली हे मालकाला विचारू नका, बंदुकीला विचारा. सर्वप्रथम ती रिकामी असल्याची स्वतः खात्री करा. नंतर नळी काढून उजेडाकडे धरा. आतला प्रकाश गोल कड्यांसारखा एकसारखा दिसला पाहिजे, आणि एखादे कडे वाकडे दिसले तर तिथे नळीला पोचा आहे. नळीवर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे, अथवा इटलीचे, चाचणीचे ठसे शोधा. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ साली सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे प्रूफ हाऊस १८१३ पासून चालू आहे. इतक्या जुन्या व्यवस्थेने दिलेला ठसा वाचायला शिकणे हे बंदूक घेणाऱ्याचे पहिले शिक्षण आहे. ठशानंतर नळीला कोणी कापाकापी केली असेल, तर ती दुरूनच सोडा, कारण २४ इंचांचा कायदा फूटपट्टीवर मोजला जातो, मालकाच्या शब्दावर नाही.

या बंदुकीची परतीची स्प्रिंग दस्त्याच्या आत एका नळीत असते आणि ती जागा कोणी साफ करत नाही. पावसात भिजलेली बंदूक तशीच कपाटात ठेवली असेल तर तिथे गंज धरतो, बोल्ट आळसावतो, आणि हलक्या काडतुसांवर बंदूक अडकू लागते. मालकाची हरकत नसेल तर कारागिराकडून दस्ता उघडवून पाहा. मॅगझीनची जोडनळी नंतर लावलेली असेल, तर तिचा सांधा आतून गुळगुळीत आहे का, आणि आतले प्लास्टिकचे बूच सहज सरकते का, हे बोटाने दाबून पाहा. स्प्रिंगा या झिजण्यासाठीच असतात. त्या जुन्या निघाल्या म्हणून बंदूक नाकारू नका, नव्या स्प्रिंगांचे पैसे मात्र किमतीतून कमी करून मागा. भरण्याचे तोंड घासून मोठे केलेले असेल तर ते काम कोणी केले ते विचारा. हौशी माणसाने कानस चालवलेली बंदूक मी घेणार नाही.

शेवटी, शक्य असेल तर मालकाच्या क्लबमध्ये, नियमांत बसेल अशा रीतीने, ती पन्नास काडतुसांवर चालताना पाहा. पन्नासात एकदा अडकली तर कारण शोधता येते. चार वेळा अडकली तर नमस्कार करून परत या. व्यवहार ठरला तरी बंदूक प्रत्यक्ष हाती घेण्याआधी आपल्या प्रमाणपत्रावर तिच्यासाठी जागा मंजूर झालेली असली पाहिजे.

प्रश्न : मी नाशिकचा आहे, वय २२. परदेशातील प्रॅक्टिकल शॉटगन स्पर्धांची दृश्ये पाहून मलाही हा खेळ खेळावासा वाटतो. भारतात त्यासाठी कोणती बंदूक घेता येईल?

उत्तर : आपल्या उत्साहाबद्दल मला आदर आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो. वर ज्या बंदुकांची चर्चा केली त्यांतील सेमी-ऑटो शॉटगन भारतात सामान्य परवान्यावर मिळत नाही, आणि २० इंचांहून आखूड नळीची शॉटगन शस्त्रास्त्र नियमांत प्रतिबंधित वर्गात येते. पंप ॲक्शन आणि दुनळी बारा बोअर परवान्यावर घेता येतात, पण परवाना मागताना दृश्यांवरून निर्माण झालेली आवड हे कारण पुरे पडणार नाही. १९५९ च्या शस्त्रास्त्र कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे ठेवता येतात. नेमबाजी संघटनांच्या मार्गाने आलेल्या खेळाडूंसाठी तरतुदी वेगळ्या आहेत.

म्हणून आपण शॉटगनच्या ऑलिंपिक प्रकारांकडे, म्हणजे उडत्या बशांवर नेम धरायच्या ट्रॅप आणि स्कीटकडे, पाहावे असे मला वाटते. दिल्लीतील तुघलकाबादची डॉ. कर्णीसिंह रेंज हे या प्रकारांचे देशातील मोठे केंद्र आहे. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्समध्ये मिळवलेले रौप्यपदक शॉटगनवरच, डबल ट्रॅपमध्ये, मिळाले होते. आपल्या महाराष्ट्राने अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे असे नेमबाज दिले, पण हे सगळे रायफल आणि पिस्तुलाचे खेळाडू आहेत. बशांवर नेम धरणारे मराठी नाव त्या उंचीवर अजून यायचे आहे, आणि ती जागा रिकामी आहे याची मला मनापासून खंत वाटते. बारा बोअरची ‘शक्तिमान’ नावाची काडतुसे पुण्याच्या खडकीत बनत आली आहेत, पण त्या काडतुसांवर वाढलेला ऑलिंपिक खेळाडू पुण्याला, नाशिकला किंवा नागपूरला अजून मिळालेला नाही.

सुरुवात बंदुकीपासून करू नका. राज्य नेमबाजी संघटनेशी संलग्न क्लबमध्ये नाव नोंदवा आणि पहिले वर्ष एअर रायफलवर काढा. आठवड्यातून दोन दिवस असा सराव केलात, तर चाप हळू दाबणे, श्वास धरणे आणि रेंजची शिस्त अंगवळणी पडते. नंतर ट्रॅपचे प्रशिक्षण जिथे मिळते तिथे पंधरा दिवसांचे शिबिर करा आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली क्लबच्या दुनळीवर शिका. तिथे स्पर्धेचे काडतूस २४ ग्रॅमचे असते, त्यामुळे खांद्यालाही ते सोसते. वर्षभराने आपले गुण दाखवणारी वही हातात असेल, आणि परवान्याच्या अर्जासोबत जोडायला संघटनेचे पत्रही असेल.